साडेबारा गाठींचं अंतर

रेवा, तू समोर आहेस असं धरूनच बोलते. ये वं, अशी जवळ बस. हातातला फोन आधी पालथा ठेव. परवा तू मला फोनवर म्हणालीस, "आजी, नागपूर खूप लांब पडतं गं, वेळच मिळत नाही." नागपूर लांब पडतं? आणि हे तू कोणाला सांगतेस? जिनं नागपुरात सक्करदऱ्याला विमान तिकिटांच्या दुकानात बसून तीस वर्षं लोकांना अंतरं मोजून दिली, तिला? बंगळूरला राहायला लागल्यापासून तुझी जीभ जरा जास्तच चालायला लागली आहे. दिवाळी अंकवाल्यांनी कामाच्या आठवणी मागितल्यात, त्या मी तुलाच सांगते. बाकीच्या वाचणाऱ्यांनी शेजारी बसून ऐकायला माझी हरकत नाही.

मी दहावी पास. विमानात पहिल्यांदा बसले ती वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तोवर हजारो लोकांना बसवून झालं होतं. दुकान म्हणजे काय, दहा बाय बाराची खोली, एक कॉम्प्युटर, एक कॅलेंडर आणि एक पृथ्वीचा गोल. गोल शाळेच्या सामानाच्या दुकानातून आणला होता. त्याच्यासोबत माझं खरं हत्यार होतं पापडाच्या लाट्या कापायचा दोरा.

हसू नको. सपाट नकाशा खोटं बोलतो, हे मला कोणी शिकवलं नाही, त्या दोऱ्यानं शिकवलं. गोलावर नागपूरवर एक बोट ठेवायचं, न्यूयॉर्कवर दुसरं, आणि दोरा ताणायचा. नकाशात पाहिलं तर वाटतं, अरबस्तान, युरोप, मग समुद्र असं सरळ डावीकडे जायचं. पण ताणलेला दोरा आपोआप वर सरकतो, पार बर्फाच्या डोक्यावरून जातो. गिऱ्हाइकाचे डोळे मोठे व्हायचे. "काकू, उत्तरेकडून काहून?" मी म्हणायची, "संत्र्यावरून मुंगी चालली तर ती जवळची वाट कुठून काढेल, ते तुम्हीच पाहा."

दोऱ्याला मी गाठी मारल्या होत्या. हजार किलोमीटरला एक गाठ. नागपूर-दिल्ली एक गाठही भरत नाही. दुबई अडीच गाठी. न्यूयॉर्क साडेबारा. दर गाठीला सव्वा तास धरायचा, वर चढण्या-उतरण्याचा पाऊण तास मिळवायचा, की विमानातले तास निघाले. समोरून वारा असला तर थोडे वाढतात, पाठीमागून असला तर कमी होतात, म्हणून जायचे तास आणि यायचे तास सारखे नसतात. मोठ्या कंपनीचा एक माणूस एकदा दुकानात बसून माझा हिशेब तपासत होता. त्याच्या यंत्राचं आणि माझ्या दोऱ्याचं उत्तर वीस मिनिटांनी चुकलं. मी त्याला म्हटलं, "साहेब, वीस मिनिटं तर आमच्या इथे चहाला लागतात."

कुहीचे एक म्हातारे शेतकरी यायचे, धोतर, खांद्यावर दुपट्टा. मुलगा अमेरिकेत. त्यांना किलोमीटरचा आकडा सांगून उपयोग नव्हता. ते म्हणाले, "बाई, कुहीहून नागपूर चाळीस किलोमीटर. तशा किती खेपा होतील, तेवढं सांगा." मी हिशेब करून सांगितलं, "तीनशे साडेबारा."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि खूश होऊन मांडीवर थाप मारली. "मंग मी तं कवाचाच पोहचलो न! धान विकाले, खत आणाले, दवाखान्यात, एवढ्या खेपा तं झाल्याच माह्या. आता परतीचं तिकीट काढा!"

असे लोक. पण तुला जी गोष्ट सांगायची आहे ती शेवंताबाईंची, आणि तिच्यात चूक माझी आहे. तीस वर्षांत चुका झाल्या असतील पुष्कळ, पण रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी जेवता जेवता जिची आठवण होते अशी ही एकच.

आधी धंद्यातली एक गोष्ट समजून घे. तिकिटावर निघायची वेळ छापलेली असते ती निघायच्या गावची आणि पोहोचायची वेळ असते ती पोहोचायच्या गावची. दोन गावं, दोन घड्याळं. एकातून दुसरं वजा केलं की उत्तर चुकतं. दिल्लीहून दुपारी बारा वाजता निघालेलं विमान न्यूयॉर्कला त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता उतरतं, असं तिकिटावर लिहिलेलं. वाचणाऱ्याला वाटतं सहा तास. प्रत्यक्षात साडेपंधरा. बाकीचे साडेनऊ तास दोन घड्याळांच्या मधल्या फटीत पडलेले असतात.

हे मला पाठ होतं. पण म्हाताऱ्या माणसांना मी ते सांगत नसे. सोळा तास म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा, "नको बाप्पा, आम्ही नाही जात" सुरू व्हायचं. म्हणून मी एक वाक्य तयार केलं होतं. "बारा वाजता बसा, सहा वाजता उतरा. मधे दोनदा जेवण, एक झोप." खोटं एक अक्षर नाही. आणि सगळ्यांना धीर यायचा. मला त्या वाक्याचा फार अभिमान होता.

शेवंताबाई भिवापूरच्या. मिरचीची शेती, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा प्रकाश शेती सांभाळायचा. लेक मनीषा न्यू जर्सीत, म्हणजे न्यूयॉर्कच्या अगदी शेजारी. लग्नाला आठ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. शेवंताबाईंनी नवस केला होता: एकवीस संकष्ट्या, त्याही निर्जळी. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, चंद्र पाहून अर्घ्य द्यायचं आणि मगच तोंडात घास. बाराव्या-तेराव्या संकष्टीला मनीषाला दिवस गेले. बाई आणखी कडक झाल्या. शुगरची गोळी चालू होती, तरी ऐकत नव्हत्या. प्रकाशनं एकदा साबुदाण्याची वाटी पुढे केली तर म्हणाल्या, "देवाले शब्द मी देल्ला, अन् खिचडी तू खाऊ घालतं काय गा?"

बाळंतपणासाठी त्यांचं तिकीट काढायला मायलेक आले तेव्हा माझ्याकडे दोन वेळापत्रकं उघडी होती, एक विमानाचं आणि एक भिंतीवरचं, तिथ्यांचं. आपल्याकडे अमावास्येला कोणी निघत नाही, कोणाला शनिवार नको असतो, कोणाला पितृपक्ष. ते मीच आधी बघून ठेवायची, ते माझ्या दुकानाचं वैशिष्ट्य होतं. श्रावणातली एक तारीख चांगली निघाली.

"तिथी कोणती हाय, ताई?" शेवंताबाईंनी विचारलं.

"संकष्टी आहे. चांगलाच दिवस."

त्यांचा चेहरा उजळला. "हीच माही एकविसावी. तिकडंच सोडीन मंग, लेकीजवळ. किती वाजता पोहचते म्हणता?"

"बारा वाजता बसा, सहा वाजता उतरा."

"म्हंजे चंद्र निघाच्या आधीच. लय बेस झालं."

आणि मी 'हो' म्हटलं. हसून म्हटलं. चुकीला निमित्तं खूप असतात गं, त्या दिवशी दुकानात गर्दी होती, प्रिंटर अडकला होता. पण कान माझे उघडे होते आणि मी हो म्हटलं.

जायच्या दिवशी प्रकाशनं त्यांना नागपूरहून सकाळच्या दिल्लीच्या विमानात बसवून दिलं. दिल्लीत व्हीलचेअरवाला माणूस ठरवलेला होता, तो त्यांना पुढच्या विमानापर्यंत नेणार होता. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आई आत बसली असा फोन आला, तोवर प्रकाश नागपुरातच थांबला होता. दुपारी एकच्या सुमाराला तो दुकानात आला, पेढे घेऊन. मी तेव्हा काउंटरमागे बसून माझी साबुदाण्याची खिचडी खात होते.

"या गा प्रकाशभाऊ. घ्या, दोन घास."

"नाही काकू, पोट भरलं हाय. तुमचं बरं हाय, तुम्ही खिचडी खाऊन राहिल्या. माही माय तं थुंकीबी गिळत नाही आज."

मी चमचा खाली ठेवला. "विमानात पाणी घेतील न पण?"

"हट्! एकविसावी हाय. अन् सहाच तासाची तं गोष्ट हाय, काकू."

"सहा कोण म्हणलं?"

त्यानं पेढ्याचा पुडा काउंटरवर ठेवला. "तुम्हीच न."

रेवा, मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या दोऱ्याकडे हात नेला. पहाटे चारला उठल्या असतील, तेव्हापासून कोरड्या. तिकडे ऑगस्टमध्ये चंद्र उगवायचा रात्री पावणेदहाच्या पुढे. तो आपल्याकडचा सकाळचा सव्वासात. सत्तावीस तासांवर जात होते गं! साठी उलटलेली बाई, शुगर, आणि सत्तावीस तास पाणी नाही. शिवाय विमान पश्चिमेला चाललेलं, सूर्याच्या बरोबरीनं पळणारं. तिला वरून चंद्र दिसणार नव्हता, आणि संध्याकाळही होणार नव्हती. उन्हातच ती साडेपंधरा तास बसणार होती.

प्रकाशला हे सगळं सांगितलं. मग हळूच म्हणाला, "काकू, ती मरंन पण सोडणार नाही. पोरीवर काही आलं तं जल्मभर स्वतःले दोष देईन."

मी विमान कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. फोनवरच्या मुलीला सगळं समजावलं: नवस, संकष्टी, शुगर. ती बिचारी शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, मेडिकल इमर्जन्सी है क्या?" मी म्हटलं, "अभी नहीं है, लेकिन चाँद नहीं दिखा तो होगी." तिनं 'सॉरी' म्हणून फोन ठेवला. चंद्रासाठी विमानाला निरोप जात नाही, हे मला तेव्हा कळलं.

मनीषाला फोन करायचा तर तिच्याकडे पहाटेचे साडेतीन. नववा महिना लागलेल्या पोरीला झोपेतून उठवून काय सांगणार होते मी? तिच्याकडे सकाळ व्हायची वाट पाहत आम्ही दोघं दुकानात बसलो. पेढ्याचा पुडा तसाच काउंटरवर. एक बाई गोव्याची चौकशी करायला आली, तिला मी उद्या यायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक परत पाठवलं.

पाच वाजता फोन लावला. मनीषानं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "काकू, आई नाही पिणार. मले माहीत हाय ती. मी विमानतळावर पाणी घेऊन उभी राहीन, पण तिथंबी चंद्र नसंन." मग रडायला लागली. मी तिला धीर दिला, म्हणजे तोंडानं दिला.

प्रकाश भिवापूरला परतला. मी दुकान लवकर बंद करून घरी गेले. कॅलेंडरवर नागपूरचा चंद्रोदय आठ वाजून पन्नास मिनिटं. पण वर ढग, सगळ्या श्रावणात असतात तसे. आठ चाळीसला मीच प्रकाशला फोन केला.

"दिसतो का गा?"

"काही नाही, काकू. काळं झालं हाय."

"मग वेळेवर सोड. आठ पन्नासला आईच्या नावानं अर्घ्य दे. तिचं तिथं काय व्हायचं ते होवो, घरचं चुकायला नको."

ढग असले की आपण काय करतो, तुला माहीत आहे न? छापलेल्या वेळेवर, चंद्र ढगामागे उगवला असं धरून हात जोडतो. प्रकाशनं अंगणात उभं राहून पाणी सोडलं. मीही माझ्या गच्चीवर सोडलं. मग घरात येऊन दोऱ्यावर बोट ठेवलं. दिल्लीपासून सात गाठी झाल्या असतील. म्हणजे ती तेव्हा बर्फाच्या डोक्यावर होती, कडकडीत उन्हात.

सकाळी सातला मनीषाचा फोन आला. मी पहिल्याच घंटीला उचलला.

"काकू, घरी आलो. आई जेवली. वरण-भात खाल्ला, आता झोपली."

"आणि उपवास?"

"ते म्हणते, ताईले मीच सांगीन."

दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंनी फोन घेतला तो शिव्यांनीच. "ताई, तुम्ही मले फसवलं हो! सहा वाजले माह्या घड्याळात, मी बॅग मांडीवर घेऊन तयार. त्या जेवण वाटणाऱ्या पोरीले विचारलं, उतरतो काय? ते म्हणे, माँजी, अभी और साडे नौ घंटे. मी म्हणलं, बाप्पा! हे विमान हाय का बैलगाडी?"

मी माफी मागायला लागले तर मला बोलूच देईनात.

"ऐका तं! खिडकीतून पाहो, तं सूर्य जागचा हलतच नव्हता. बाजूची बाई झोपली, सगळे झोपले, अन् तो मेला माह्याकडं पाहून राहिला. जीभ टाळूले चिकटली. डोळ्यापुढं अंधारी आली. मले वाटलं, शेवंते, लेकीच्या घरी पोहचाच्या आधीच तू खपते. मंग तुमची चिठ्ठी पाह्यली."

ती चिठ्ठी माझी सवय होती. प्रत्येक म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या मनगटी घड्याळाच्या पट्ट्यावर मी एक बारीक कागद चिकटवायची: 'हे घड्याळ घरचं. बदलायचं नाही.' परदेशातून फोन करताना इथे किती वाजलेत ते कळावं, म्हणून. एवढाच त्याचा हेतू होता.

"हे घड्याळ घरचं," शेवंताबाई म्हणाल्या. "मी बसून इचार केला. वीस चंद्राले मी हात जोडले, ते कुठचे? भिवापूरचे. शब्द कुठं देल्ला? भिवापूरच्या देवळात. मंग मी वरती कुठंबी लटकली असो, वेळ तं तिथचीच पाळाची न? अन् ढगात आपण वेळेवरच सोडतो. इथं ढग नाही, ऊन हाय, एवढाच फरक. कॅलेंडरात आठ पन्नास पाहूनच निघाली होती मी; तेवढे झाले का त्या पोरीजवळून पाणी मांगलं. दोन थेंब कागदावर सोडले, घरच्या दिशेनं हात जोडले, डब्यातलं गूळ-खोबरं खाल्लं. मंग गोळी घेतली. मंग तिनं जे आणलं ते सगळं जेवली."

"घरची दिशा कोणती ते कशी कळली?"

"विमानाच्या शेपटीकडं. त्यात काय इचाराचं?"

मी त्यांना सांगितलं की त्याच मिनिटाला प्रकाश अंगणात पाणी सोडत होता. शेवंताबाईंनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "त्याले ढग होते काय?"

"हो."

"मंग आम्हा दोघायलेबी चंद्र दिसला नाही," असं म्हणून त्या हसायला लागल्या. तीन आठवड्यांनी मनीषाला मुलगी झाली. सुखरूप. परत आल्या तेव्हा माझ्यासाठी चॉकलेटचा डबा आणि लाल मिरचीचं पोतं, दोन्ही एकदमच दुकानात आणून ठेवलं.

लोक म्हणतात, काकू, तुमच्या चिठ्ठीनं वाचवलं. मी मिरवतेही, नाही असं नाही. पण चिठ्ठीनं वाचवलं ते माझ्याच वाक्यातून वाचवलं, हे मी कोणाला सांगत नाही. त्या दिवसापासून 'बारा वाजता बसा, सहा वाजता उतरा' हे वाक्य मी परत उच्चारलं नाही. पाकिटावर मोठ्या अक्षरात खरे तास लिहायला लागले. घराच्या उंबऱ्यापासून त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत. रिक्षा, विमानतळावर बसणं, रांगा, मधल्या गावी विमान बदलणं, सामानाची वाट बघणं, सगळे मोजून. आणि वरून विचारायची, "त्या दिवशी उपवास आहे का?" काही लोक घाबरून परत गेले. जाऊ दे. जे गेले ते तयारीनं गेले.

आता दुकान नाही. लोक फोनवरच सगळं करतात, आणि फोन विमानातले तास बरोबर दाखवतो, ते मला मान्य आहे. दोरा मी पापडांच्या डब्यात परत ठेवलाय, गाठी तशाच आहेत. तरी अधूनमधून कोणीतरी म्हातारं येतं, पायरीवर बसतं आणि विचारतं, बाई, माझा नातू राहतो ते किती दूर? मग मी गोल काढते. फोनला विचारता येत नाही असं काहीतरी त्यांना विचारायचं असतं, ते दूर या शब्दात घालून विचारतात.

तूही तेच केलंस परवा. लांब पडतं म्हणालीस. तर घे, तुझाही हिशेब मी करून ठेवलाय. बंगळूर ते नागपूर एक गाठही नाही. विमानात पावणेदोन तास. पण मी आता ते वाक्य सांगत नाही, मी खरं सांगते. तुझ्या घरून विमानतळ गर्दीत दोन तास. तिथं आधी पोहोचून बसायचं दीड. विमान पावणेदोन. उतरून बॅग घ्यायला अर्धा, तिथून सक्करदऱ्याला पाऊण तास. झाले साडेसहा. वर तुझा उशिरा उठायचा अर्धा तास धर. सात तास, रेवा. एकही लपवला नाही.

एवढे सगळे तास माहीत असूनही ये. या महिन्यात ये. चंद्र दिसो न दिसो, मी वेळेवर पायरीवर उभी असेन.